लाळेचे थेंब मोजणारा आचार्य : इव्हान पेट्रोविच पावलॉव्ह

कैरीच्या फोडीवर तिखटमीठ भुरभुरलेलें पाहिलें, कीं आपल्या तोंडास पाणी सुटतें. फोड अद्याप विकणाऱ्याच्या पाटींतच असते, जिभेला तिचा स्पर्शही झालेला नसतो. इतकेंच काय, हीं अक्षरें वाचणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडास या क्षणींही पाणी सुटलें असेल. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे, कीं तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं असेल असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. तथापि या पाण्याविषयीं प्रश्न विचारणारा, आणि नुसता प्रश्न विचारून न थांबतां त्याचे थेंब एकामागून एक मोजून काढणारा एक थोर पुरुष होऊन गेला. त्याचें चरित्र आम्ही या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

इव्हान पेट्रोविच पावलॉव्ह यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४९ रोजीं रशियांतील रियाझान या गांवीं झाला. त्यांचे वडील प्योत्र हे तेथील ऑर्थोडॉक्स मंडळीचे पाळक होते, आणि आई वारवारा याही पाळकाच्याच घराण्यांतील होत्या. घरांत मुलें पुष्कळ व मिळकत बेताची. त्यांतून कित्येक भावंडें बालपणींच दगावलीं. वडिलांना दोन गोष्टींचा नाद होता, एक पुस्तकांचा व दुसरा बागकामाचा. आणि हे दोन्ही नाद मुलानें जन्मभर जतन केले. इव्हान आठनऊ वर्षांचा असतां उंचावरून खालीं फरशीवर पडला व त्यास इतकी दुखापत झाली, कीं अकरावें वर्ष लागेपर्यंत त्यास शाळेंत घालतां आलें नाहीं. त्याचे धर्मपिते एका मठाचे प्रमुख होते. त्यांनीं त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलें, खाणें, व्यायाम व वाचन यांची शिस्त लावली, आणि हें अशक्त पोर हळूहळू धडधाकट झालें. उशिरां शाळेंत गेलेल्या मुलानें निराश होऊं नये, एवढा बोध या प्रसंगापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं जातां जातां घेतल्यास हरकत नाहीं.

वडिलांप्रमाणें मुलानेंही पाळक व्हावें, अशी सर्वांची अपेक्षा होती. म्हणून इव्हान प्रथम धर्मशाळेंत व नंतर रियाझानच्या सेमिनरींत शिकूं लागला. परंतु तो काळ रशियांत मोठ्या वैचारिक खळबळीचा होता. १८६३ सालीं सेचेनॉव्ह नांवाच्या शास्त्रज्ञानें मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. डोळ्यापुढें एकाएकी हात आला म्हणजे आपण न ठरवितां पापणी मिटते. अशा आपोआप होणाऱ्या क्रियेस प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मनाचे वाटणारे पुष्कळसे व्यापारही मुळांत याच जातीचे असावेत, असा सेचेनॉव्हचा पक्ष होता. हें पुस्तक तरुण इव्हानच्या हातीं पडलें आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. १८७० सालीं सेमिनरीचा अभ्यासक्रम अपुरा टाकून तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठांत सृष्टिविज्ञान शिकण्यास गेला. पुढील आयुष्यांत पावलॉव्ह यांची धर्मश्रद्धा राहिली नाहीं, ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. ज्यानें जन्मभर सत्याची चाड बाळगली, त्याचें चरित्र असत्यानें सजविणें त्याला आवडलें नसतें व आपल्यालाही तें शोभणार नाहीं.

विद्यापीठांत सियोन नांवाचे एक निष्णात गुरु त्यांस लाभले. शस्त्रक्रिया करण्यांत पावलॉव्ह यांचा हात विलक्षण हलका असे, व स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवरील संशोधनाबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालें. नंतर त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास करून १८७९ सालीं ती पदवी घेतली. १८८१ सालीं सेराफिमा कार्चेव्हस्काया या सुशिक्षित व धर्मशील बाईंशीं त्यांचा विवाह झाला. परंतु पुढील कांहीं वर्षें या जोडप्यानें अत्यंत हालाखींत काढलीं. पहिला मुलगा लहानपणींच गेला. एकदां मित्रांनीं त्यांच्याकडून व्याख्यानें करवून घेण्याच्या निमित्तानें थोडी रक्कम जमवून दिली, तर ती संसारास न लागतां प्रयोगाच्या प्राण्यांवर खर्च झाली, असें सांगतात. त्या माउलीनें हें सर्व कसें सोसलें असेल, याची कल्पना आमच्या वाचकांतील गृहिणींनींच करावी. १८८४ ते १८८६ या काळांत पावलॉव्ह यांनीं जर्मनींत लुडविग व हायडेनहाइन या नामांकित आचार्यांच्या प्रयोगशाळांत काम केलें, आणि ते नवी दृष्टि घेऊन मायदेशीं परतले.

१८९० सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें दैव उघडलें. लष्करी वैद्यक अकादमींत त्यांना औषधिशास्त्राच्या अध्यापकाची जागा मिळाली. लौकरच नव्यानें स्थापन झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेंतील शरीरक्रियाविभागही त्यांच्या हवालीं झाला, व तो त्यांनीं मरेपर्यंत सांभाळला. त्या काळीं पुष्कळ शास्त्रज्ञ प्राण्यास टेबलावर बांधून, तो मरणाच्या पंथास लागला असतां घाईघाईनें निरीक्षण करीत. अशा वेदनाग्रस्त देहापासून निरोगी देहाचें ज्ञान मिळणार नाहीं, असें पावलॉव्ह यांचें मत होतें. म्हणून त्यांनीं रुग्णालयासारखी स्वच्छ शस्त्रक्रियागृहें बांधलीं. तेथें कुत्र्याला गुंगी देऊन शस्त्रक्रिया करीत, जखम पूर्ण भरूं देत, व मगच प्रयोगास आरंभ करीत. असा कुत्रा खातपीत, हिंडतफिरत पुष्कळ वर्षें प्रयोगशाळेंत राही. अन्न पोटांत मुळींच न पडतां केवळ तोंडांत आल्यानेंही जठरांत पाचकरस सुटतो, हें त्यांनीं या रीतीनें सिद्ध केलें. कोणत्या अन्नास कोणता रस किती प्रमाणांत व किती वेळ सुटतो, याचीं कोष्टकें त्यांनीं तयार केलीं. या कामाबद्दल १९०४ सालचें नोबेल पारितोषिक त्यांस देण्यांत आलें. तें मिळविणारे ते पहिले रशियन गृहस्थ होत.

दुसरा एखादा मनुष्य येथें संतुष्ट झाला असता. परंतु पावलॉव्ह यांस एक बारीकशी अडचण टोंचीत होती. कुत्र्याच्या तोंडांत अन्न पडल्यावर लाळ सुटावी हें योग्यच. पण त्यांचे कुत्रे अन्नाचें भांडें दिसतांच, इतकेंच नव्हे तर अन्न आणणाऱ्या नोकराच्या पावलांचा आवाज ऐकूं येतांच लाळ गाळूं लागत. त्यामुळें मोजमाप बिघडे. ही खोड मोडावी कशी, असा विचार दुसऱ्यानें केला असता. ही खोड आहे तरी काय, असा विचार पावलॉव्ह यांनीं केला.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचे दोन मार्ग होते. एक मार्ग असा, कीं कुत्र्याच्या मनांत शिरल्याची कल्पना करावी : त्याला आठवण झाली, त्याला आशा वाटली, त्यानें ओळखलें. स्नार्स्की नांवाच्या त्यांच्या एका सहकाऱ्यानें हाच मार्ग धरला. परंतु कुत्र्याला काय वाटलें याविषयीं दोघांचें मत भिन्न पडलें, तर खरें कोणाचें हें ठरविणार कोण? त्या वादाला अंत नव्हता. म्हणून पावलॉव्ह यांनीं दुसरा मार्ग पत्करला. कुत्र्याच्या मनांत काय आहे हें आपणांस दिसत नाहीं. थेंब मात्र दिसतात. तेव्हां थेंब मोजावे, वेळ मोजावा, आणि जें मोजलें त्याच्या पलीकडे एक शब्दही बोलूं नये. प्रयोगशाळेंत कोणी कुत्र्याला वाटलें किंवा कुत्र्यानें विचार केला असें बोलल्यास त्यास दंड होई, असें सांगतात. टोलोचिनॉव्ह या दुसऱ्या सहकाऱ्याच्या साहाय्यानें हें नवें काम सुरू झालें, व १९०३ सालीं माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत पावलॉव्ह यांनीं तें जगापुढें मांडलें.

त्यांची रीत आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी. कुत्र्याच्या गालांत लाळेची एक नलिका उघडते. तिचें मुख लहानशा शस्त्रक्रियेनें गालाच्या बाहेरच्या बाजूस आणीत. मग त्या ग्रंथीची लाळ तोंडांत न उतरतां बाहेर ठिबके, आणि तेथें चिकटविलेल्या लहानशा पात्रांत ती गोळा करून मोजतां येई. आतां मेट्रोनोम नांवाचें, ठराविक गतीनें टकटक ठोके देणारें यंत्र चालू करावयाचें व लगेच अन्न द्यावयाचें. असें पुष्कळदां केल्यावर पुढें अन्न न देतां केवळ ठोके ऐकवावयाचे. एका नोंदींत ठोके सुरू झाल्यावर ९ सेकंदांनीं लाळ येऊं लागली व ४५ सेकंदांत ११ थेंब पडले, असें लिहिलेलें आहे. या अकरा थेंबांत केवढा अर्थ भरलेला आहे! जो आवाज कालपर्यंत कुत्र्यास निरर्थक होता, तो आज अन्नाचा दूत झाला. आणि हा बदल मेंदूंत घडला असूनही त्याचें माप आपणांस बाहेर मिळालें. अशा शिकलेल्या क्रियेस अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रिया असें नांव आहे. अन्न न देतां नुसते ठोके वारंवार ऐकवीत राहिलें, तर थेंब कमी कमी होत अखेर थांबतात. मिनिटास १०० ठोके असतां अन्न व ९६ ठोके असतां उपास, असें शिकविल्यास कुत्रा तोही भेद ओळखतो. आपल्यांतील किती जणांस तो ओळखतां येईल याची शंकाच आहे. पावलॉव्ह म्हटलें कीं लोकांस घंटा आठवते. परंतु घंटेचा उपयोग त्यांनीं फार थोडा केला. ठोके, दिवे, विजेचा गुणगुणणारा आवाज, कातडीस होणारा स्पर्श हींच त्यांचीं नेहमींचीं साधनें होतीं, कारण तीं कमीजास्त करतां येतात व मोजतां येतात.

मोजतां मोजतां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. रस्त्यावरून गाडी गेली, कोणी दार लोटलें, किंवा प्रयोग करणाऱ्यानें नुसती मान हलविली, तरी थेंबांचा आंकडा बदले. म्हणजे मोजणारा स्वतःच मापांत ढवळाढवळ करीत होता! याकरितां १९१० नंतर पीटर्सबर्ग येथें एक आगळी इमारत उभारण्यांत आली. तिच्या भिंती जाड होत्या व भोंवतीं खंदक होता. आंत कुत्रा एका खोलींत व माणूस दुसऱ्या खोलींत असे. अन्न देणें, इशारे करणें व थेंब मोजणें हें सर्व दुरून यंत्रांनीं होई. या इमारतीस शांततेचा मनोरा असें नांव पडलें.

आतां या मापाचा रोग्यांस काय उपयोग, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर एका कुत्र्याच्या दुर्दैवांत आहे. १९१४ सालीं शेंगर-क्रेस्टोव्हनिकोव्हा या विदुषीनें एका कुत्र्यास असें शिकविलें, कीं वर्तुळ दिसलें कीं अन्न मिळतें आणि लंबवर्तुळ दिसलें कीं मिळत नाहीं. प्रथम लंबवर्तुळाची लांबी रुंदीच्या दुप्पट होती. तो भेद कुत्रा सहज ओळखी. मग लंबवर्तुळ थोडें थोडें वाटोळें करीत नेलें. लांबी व रुंदी यांचें प्रमाण ९ ला ८ असें झालें, तेव्हां कुत्र्याची शक्ति संपली. तीन आठवडे तोच प्रयत्न चालला. अखेर तो शांत प्राणी किंचाळूं लागला, अंगावरील उपकरणें दांतांनीं तोडूं लागला, व पूर्वीं सोपा असलेला भेदही विसरून गेला. पुढें २३ सप्टेंबर १९२४ रोजीं, ज्यास त्या वर्षापासून लेनिनग्राड म्हणूं लागले होते त्या पीटर्सबर्ग शहरांत, मोठा महापूर आला. पिंजऱ्यांतील कुत्र्यांना पाण्यांतून ओढीत सुरक्षित जागीं न्यावें लागलें. त्यांपैकीं कांहीं कुत्रे शिकलेलें सर्व विसरले. आणि एकाची तर बरा झाल्यावरही अशी स्थिति होती, कीं दाराखालून पाण्याचा ओघळ आंत आला तरी त्याचें सर्व शिक्षण पुन्हां डळमळे.

मनुष्यही दुःखानें व भीतीनें असाच खचतो. म्हणून अशा कुत्र्यांस बरें कसें करावें, याचा शोध पावलॉव्ह यांनीं आपल्या सहकारी मारिया पेट्रोव्हा यांच्यासह हातीं घेतला. विश्रांति हा एक उपाय होता व औषधें हा दुसरा. ब्रोमाइड नांवाचा क्षार वैद्य त्या काळीं झोपेकरितां सर्रास देत, व तो मेंदूची चेतना बधिर करतो अशी समजूत होती. थेंबांच्या हिशेबानें निराळेंच दिसून आलें : हें औषध योग्य मात्रेंत दिल्यास चेतना मरत नाहीं, तर स्वतःस आवरून धरण्याची मेंदूची शक्ति वाढते. उलट कॉफींतील कॅफीन चेतनेस जोर देतें. याहून महत्त्वाची गोष्ट मात्रेची होती. सर्व कुत्र्यांचा स्वभाव सारखा नसतो. कांहीं दणकट, कांहीं शांत, कांहीं दुर्बल मनाचे. दणकट कुत्र्यास जी मात्रा गुण देते तीच दुर्बलास घातक ठरते, आणि दुर्बलास तिच्या कित्येक पटींनीं लहान मात्रा पुरते. औषध रोगास नव्हे, रोग्यास द्यावयाचें असतें, हें अनुभवी वैद्य पूर्वींपासून म्हणत आले. पावलॉव्ह यांनीं तें मोजून दाखविलें.

आतां आम्ही त्यांच्या चरित्रांतील जो प्रसंग सांगणार आहों, तो त्यांच्या विजयाचा नसून चुकीचा आहे. परंतु आमच्या मतें त्यांच्या मोठेपणाची खरी कसोटी तेथेंच लागली. १९२३ सालीं परदेशांतील व्याख्यानांत त्यांनीं एक आश्चर्यकारक गोष्ट जाहीर केली. त्यांच्या प्रयोगशाळेंत पांढऱ्या उंदरांस घंटा वाजतांच अन्नाकडे धांवण्यास शिकविण्यांत आलें होतें. पहिल्या पिढीस ३०० पाठ लागले, त्यांच्या पिलांस १००, पुढील पिढीस ३०, नंतर १० व अखेर ५. म्हणजे आईबापांनीं शिकलेली विद्या मुलांच्या रक्तांत उतरते, असें ठरत होतें! ही वार्ता जगभर पसरली. पुष्कळांना ती गोड वाटली, कांहीं शास्त्रज्ञांस मात्र शंका आली. पावलॉव्ह यांनीं तो प्रयोग अधिक कडक रीतीनें पुन्हां तपासून पाहण्याची व्यवस्था केली, तेव्हां उंदरांची प्रगति नाहींशी झाली. पिढ्यान्पिढ्या शहाणे झाले होते ते उंदीर नव्हते. त्यांस शिकविणारा सहायक शिकविण्यांत तरबेज होत गेला होता! १९२७ सालीं पावलॉव्ह यांनीं तें विधान उघडपणें मागें घेतलें. त्या वेळीं त्यांचें वय सत्याहत्तर होतें, कीर्ति शिगेस पोंचली होती, आणि गप्प राहिले असते तरी त्यांना जाब विचारणारा कोणी नव्हता. शांततेचा मनोरा बांधून ज्यानें मोजणाऱ्याची सावलीही कुत्र्यावर पडूं दिली नाहीं, त्याच्याच घरीं ही चूक शिरली. माप घेणाऱ्यानें पहिल्यानें स्वतःचें माप घ्यावें, हा धडा त्यांनीं आपल्या मानाचें मोल देऊन शिकविला. आम्हां शिक्षकांस तर ही गोष्ट दुहेरी बोचते. मुलें वर्गांत पुढें जातात तेव्हां शिकलें कोण, याचा विचार आम्ही क्वचितच करतों.

१९१७ सालच्या राज्यक्रांतीनें त्यांचेंही घर हादरलें. साठविलेला पैसा बुडाला. दुष्काळांत माणसांस अन्न मिळेना, तेथें कुत्र्यांस कोठून मिळणार? प्रयोगांतील कुत्रे उपासानें मेले. सत्तरी गांठलेला हा वृद्ध संस्थेच्या आवारांत भाजीपाला पिकवून संसार चालवी. १९२० सालीं त्यांनीं देश सोडण्याची परवानगी मागितली. तेव्हां जानेवारी १९२१ मध्यें लेनिन यांच्या सहीनें खास हुकूम निघाला, व त्यांच्या कामास लागेल तें साहाय्य देण्याचें ठरलें. सरकारचें साहाय्य घेऊनही त्यांनीं आपली जीभ मात्र गहाण टाकली नाहीं. निरपराध्यांस होणाऱ्या अटकेविरुद्ध व मंडळ्यांवरील जुलमाविरुद्ध ते अधिकाऱ्यांस निर्भीडपणें लिहीत राहिले. १९२४ सालीं पाळकांच्या मुलांस वैद्यक अकादमींतून काढून टाकण्यांत आलें. आपणही पाळकाचेच पुत्र आहों, तेव्हां आपलीही जागा येथें नाहीं, असें सांगून पावलॉव्ह यांनीं आपल्या अध्यापकपदाचा राजीनामा दिला. ज्या श्रद्धेंतून ते स्वतः बाहेर पडले होते, तिच्या लेंकरांकरितां त्यांनीं आपलें आसन सोडलें. याला आम्ही न्यायबुद्धि म्हणतों.

या चरित्राची दुसरी बाजूही आम्ही सांगितली पाहिजे. हें सर्व ज्ञान मुक्या प्राण्यांच्या देहांतून काढलेलें आहे. पुष्कळ कुत्र्यांनीं शस्त्रक्रिया सोसल्या, कित्येक आजारी पडले, कित्येक मेले, आणि कांहींचें मन तर हेतुपुरस्सर मोडण्यांत आलें. पावलॉव्ह यांना याची जाणीव होती. १९३५ सालीं संस्थेच्या बागेंत कुत्र्याचें एक स्मारक उभारण्यांत आलें, व तें आजही तेथें आहे. परंतु स्मारकानें ऋण फिटत नाहीं. १९५९ सालीं रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं तीन नियम घालून दिले : प्राण्यांवांचून भागत असेल तर प्राणी घेऊं नयेत, घेणें भाग पडल्यास कमींत कमी घ्यावेत, आणि त्यांस होणारी पीडा शक्य तितकी कमी करावी. आपल्या देशांतही १९६० सालीं प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, व त्यांत अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद आहे. जें आंकडे गोळा करण्यांत हयगय करतात, त्यांचे प्रयोग फुकट जातात आणि प्राण्यांची वेदनाही फुकट जाते. म्हणून अचूक मोजणें ही नुसती विद्वत्ता नसून दयेचाही एक भाग आहे, असें आम्हांस वाटतें.

अखेरचीं वर्षें पावलॉव्ह यांनीं लेनिनग्राडजवळील कोल्टुशी या खेड्यांत नव्या प्रयोगकेंद्राच्या उभारणींत घालविलीं. तेथें त्यांनीं डेकार्ट, सेचेनॉव्ह व मेंडेल यांचे पुतळे बसविले. यांपैकीं मेंडेल हे मठवासी साधु असून त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाणे मोजून आनुवंशाचे नियम शोधले होते. थेंब मोजणाऱ्यानें वाटाणे मोजणाऱ्याचा केलेला हा सन्मान मोठा उचित होता. म्हातारपणींही पावलॉव्ह वेळेचे काटेकोर राहिले. ते बागेंत खपत, फुलपांखरें जमवीत, आणि काठी फेकून लाकडी ठोकळे पाडण्याच्या रशियन खेळांत तरुणांस हार देत. १९३५ च्या ऑगस्टमध्यें जगांतील शरीरक्रियाशास्त्रज्ञांची परिषद लेनिनग्राड येथें भरली, तेव्हां तिचे अध्यक्ष तेच होते. त्याच वर्षीं एका मुलाच्या मृत्यूचें दुःखही त्यांनीं सोसलें. २७ फेब्रुवारी १९३६ रोजीं, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, न्यूमोनियानें त्यांचा अंत झाला. मृत्यूपूर्वीं देशांतील तरुणांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं पायरी पायरीनें जाणें, नम्रता आणि कामाची तळमळ या तीन गोष्टी मागितल्या होत्या.

त्यांचें काम त्यांच्याबरोबर संपलें नाहीं. १९५३ सालीं फ्रान्समधील कूर्व्हाझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांस असें शिकविलें, कीं घंटा वाजली म्हणजे पायांखालीं विजेचा धक्का बसणार, तेव्हां आधींच वर चढून जावें. क्लोरप्रोमाझिन हें औषध दिल्यावर उंदीर घंटा ऐकून चढेनात. पण प्रत्यक्ष धक्का बसतांच चढत. म्हणजे अंगांतील शक्ति शाबूत होती, इशाऱ्याची धास्ती तेवढी गेली होती. हेंच औषध वेडाच्या रोग्यांस गुणकारी ठरलें, आणि त्या जातीचीं नवीं औषधें शोधतांना अशी परीक्षा पुढें पुष्कळ वर्षें उपयोगी पडली. आज थेंबांच्या जागीं कॅमेरे व संगणक आले आहेत. उंदीर किती चालला, कोठें थांबला, किती सेकंद स्तब्ध राहिला, हें यंत्रें टिपतात. पण जुना मोह गेलेला नाहीं. १९७७ सालीं पोर्सोल्ट या संशोधकानें उंदरांस पाण्याच्या पात्रांत पोहावयास सोडून, ते हातपाय हलवावयाचे थांबतात तो वेळ मोजला, व त्या स्तब्धतेस निराशा असें नांव दिलें. उदासीनतेवरील पुष्कळ औषधांनीं तो वेळ कमी होतो, हें खरें. परंतु ती स्तब्धता निराशा आहे, कीं पोहून उपयोग नाहीं हें उमगल्यावर राखून ठेवलेली शक्ति आहे, असा प्रश्न आज पुष्कळ शास्त्रज्ञ विचारीत आहेत. सेकंद मोजलेले होते. निराशा हा शब्द मात्र मोजलेला नव्हता. पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेंत त्या शब्दास दंडच झाला असता!

विद्यार्थिमित्रांनो, थेंबें थेंबें तळें सांचतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. एका पाळकाच्या मुलानें थेंबाथेंबानें ज्ञानाचें तळें सांचविलें, आणि त्यांत एक थेंब खोटा पडला आहे असें दिसतांच तो सर्वांदेखत बाहेर काढला. तुम्ही प्रयोगशाळेंत पारा कोणत्या रेषेवर आहे हें पाहाल, वहींत आंकडा लिहाल, आणि तो पुस्तकांतील उत्तराशीं जुळणार नाहीं. तेव्हां खोडरबर हातीं घेण्याचा मोह तुम्हांस होईल. त्या वेळीं या वृद्ध आचार्याचें व त्याच्या पांढऱ्या उंदरांचें स्मरण करा, आणि दिसलें तेंच लिहा.